चाकाची मलमपट्टी

घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या या परिचारिकेला सगळा भाग सिस्टर म्हणतो. नवराही सिस्टरच म्हणतो. सुरुवातीला थट्टेने म्हणायचा, नंतर जिभेवर बसलं. एकदा त्याने दवाखान्याच्या कार्यालयात फोन करून सिस्टर आहेत का म्हणून विचारलं. कोणत्या सिस्टर, असं पलीकडून आलं, तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "माझ्या."

सिस्टर त्रेपन्न वर्षांची आहे. उंची बेताची, आवाज मोठा. तिच्या सकाळच्या फेरीत कुणाला इन्शुलिन द्यायचं असतं, कुणाची जखम धुवायची असते, कुणाचा रक्तदाब बघायचा असतो आणि तो वाढायला कारण असलेल्या सुनेबद्दल ऐकून घ्यायचं असतं. गल्ल्या अरुंद आहेत. मोटार आणली तर ती कोपऱ्यावर सोडून अर्धी फेरी पायीच करावी लागेल. म्हणून सायकल. आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला कालव्याकाठची पायवाट, कारण मोठ्या रस्त्याने वेळ दुप्पट लागतो.

त्या पायवाटेला काटेरी झुडपांचं कुंपण आहे. त्याची छाटणी सुरू झाली की काटे वाटेवर पडतात आणि सिस्टरची ट्यूब पंक्चर होते. या खेपेला लागोपाठ इतक्यांदा झाली की पहिल्याच घरातल्या आजोबांनी कार्यालयात तक्रार केली. इन्शुलिन घेतल्याशिवाय त्यांना नाश्ता करता येत नाही, आणि त्यांचं सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. सिस्टरला उशीर नेमका किती झाला, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

देखरेखीच्या मॅडमनी सिस्टरला बोलावून घेतलं. महिनाअखेरपर्यंत वेळ सांभाळता आली नाही तर फेरी दुसऱ्या कुणाला द्यायची आणि सिस्टरने कार्यालयात फोनवर बसायचं, असं ठरलं. मॅडमनी ते बक्षीस दिल्यासारखं सांगितलं. पंखा आहे, पाठीला टेकायला खुर्ची आहे, चहा जागेवर येतो. सिस्टरला मात्र आपला फोटो हार घालून आपल्यादेखत भिंतीवर टांगल्यासारखं वाटलं.

यावर इलाज तिला ठाऊक होता. बिनट्यूबचं टायर. त्यात ट्यूबच्या जागी पांढरं, पातळ औषध असतं. काटा घुसला की ते भोकापाशी येऊन थिजतं आणि भोक आपोआप बुजतं. अडचण एकच होती. हा इलाज दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या नणंदेने सुचवला होता, आणि नणंदेचं दोन गल्ल्या पलीकडे सायकलचं दुकान आहे. तेव्हा सिस्टर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली होती, मला काही शर्यतीत उतरायचं नाही. नणंदेला ते वाक्य तोंडपाठ होतं. कुणाचाही वाढदिवस असो, ते निघायचंच.

म्हणून सिस्टरने टायर, व्हॉल्व्ह आणि औषधाची बाटली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणली. रिम बिनट्यूबच्या टायरला चालणारी आहे, एवढं तिने विचारून घेतलं होतं. बाकी कामात तिला अवघड काही दिसेना. रिमच्या आतली स्पोकची भोकं चिकटपट्टीने बंद करायची, व्हॉल्व्ह बसवायचा, टायर चढवायचं, औषध भरायचं, हवा मारायची. पट्ट्या लावण्यात तर तिचा जन्म गेला होता.

नवरा कपाटांना फवाऱ्याने रंग मारतो. घरामागे त्याची शेड आहे, तिथे कॉम्प्रेसर आहे. शनिवारी दुपारी त्या शेडमध्ये सिस्टरने टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, हातमोजे घातले आणि स्पिरिटने रिम पुसली. पट्टी अशी लावली की सुरकुती शोधून सापडू नये. पुढचा पेशंट कोण, माझा स्टूल की काय, असं नवऱ्याने विचारलं. तिने त्याला चाक धरायला लावलं.

हातपंपाने टायर फुगेना. जेवढी हवा आत जाई तेवढी कडेने बाहेर येई. मग नवऱ्याने कडांना साबणाचं पाणी लावलं आणि कॉम्प्रेसरची नळी जोडून एकदम हवा सोडली. ठाक, ठाक असे दोन आवाज झाले आणि टायरच्या कडा रिमला घट्ट बसल्या. नवरा दोन पावलं मागे सरला होता. सिस्टर जागची हलली नाही. व्हॉल्व्हची आतली कांडी काढून तिने मोठ्या सिरिंजने औषध आत सोडलं. हात सरावाचा होता, थेंब सांडला नाही. कांडी परत बसवून हवा भरली. दोन्ही चाकं झाली. चादरीची घडी घालताना ती गुणगुणत होती.

रविवारी सकाळी दोन्ही टायर जमिनीला टेकलेली होती आणि स्पोकच्या मुळाशी पांढरे थेंब जमले होते. सिस्टरने पुन्हा हवा भरली. चहा होईपर्यंत हवा गेली. महिना संपायला अजून आठवडा होता, पण सोमवारची फेरी उद्यावर आली होती. नवऱ्याने आपल्या ताईचं नाव काढलं. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि दोन्ही चाकं उचलली.

नणंद दुकानाच्या वरच राहते. ती खाली आली, शटर अर्धं वर केलं, चाक हातात घेऊन फिरवलं, थेंबांवर बोट फिरवलं. शर्यतीचा विषय तिने काढला नाही, हे सिस्टरला जास्त झोंबलं.

"पट्टी कुठली लावलीस गं?"

"चांगली लावलीये, ताई. आमच्याकडची, कापडी. स्वस्तातली नाही ती. आठवडाभर ठेवली तरी कातडी खराब होत नाही, कारण तिच्यातून हवा खेळती..."

सिस्टर तिथेच थांबली. नणंदेने चाक खाली ठेवलं, ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सिस्टर थोडा वेळ उभी राहिली. मग तीही शेजारी बसली, कारण गोष्ट खरीच हसण्यासारखी होती आणि दुसऱ्या कुणाची असती तर तिने महिनाभर सांगितली असती.

"सिस्टरबाई," नणंद डोळे पुसत म्हणाली, "जखम तू बघ. चाक माझ्याकडे आण."

कापडी पट्टी निघाली, तिचा चिकटा घासून काढण्यात तास गेला. नणंदेने फळीवरून रिमची प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि सिस्टरच्याच हातात दिली; लावायचा हात तुझा चांगला आहे, म्हणाली. फक्त बेतानं नको, ओढून लाव. बँडेजसारखी हलकी नको, कुणाचं रक्त अडणार नाहीये इथे. संध्याकाळी नवरा घ्यायला आला तेव्हा दोघी एकेका चाकाला कान लावून बसल्या होत्या. काही ऐकू येत नव्हतं.

मंगळवारी पायवाटेवर काटा लागला. सिस्टर उतरली, काटा उपटला, चाक फिरवून भोक खाली आणलं. फसफस झाली, पांढरा थेंब आला, थांबला. ती पुन्हा बसून निघाली. आजोबांनी दार उघडताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्या, आणि जरा हिरमुसून बाही वर केली. आठवडाभर ते असंच चाललं.

महिनाअखेरीस मॅडमनी बोलावलं. फेरी सिस्टरकडेच राहणार होती. फोनच्या खुर्चीवर गुडघेदुखीने बेजार झालेली एक सहकारी बसणार होती आणि ती आदल्या दिवशीच घरून उशी घेऊन आली होती. मात्र तिच्या वाट्याची टेकडीवरची तीन घरं आता कुणाला तरी घ्यायला हवी होती. वेळेवर पोचणारं माणूस म्हणून मॅडमना एकच नाव सुचलं.

"घेते," सिस्टर म्हणाली. "पण ती शेवटी ठेवा. आजोबांच्या आधी नको."

तिथून ती सरळ नणंदेच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, ताई, चढ आहे, काय लावू? नणंदेने मागची दातेरी चकती बदलून चांगली बशीएवढी लावली, साखळी लांब केली, उतारासाठी ब्रेकचे नवे रबर बसवले. पाय गरगर फिरतील, सायकल गोगलगाईसारखी चढेल, पण उतरावं लागणार नाही, असं तिने बजावलं.

पहिल्या दिवशी चढावर शाळेत निघालेल्या दोन मुली चालत तिच्या पुढे गेल्या. सिस्टर बसल्या बसल्या पाय मारत राहिली. वरच्या घरातल्या बाईंच्या पायाची जखम धुवायची होती. बेल वाजल्यावर बाईंनी आतूनच विचारलं, कोण आहे. सिस्टरला दम लागला नव्हता. तिने नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं, सिस्टर आहे, दार उघडा, आणि गरम पाणी तयार आहे ना?