कडेचं बटण
कणकेच्या हाताने फोन उचलला की काळेवाडीतलं ते मोबाइलचं दुकान आठवतं आणि अजून डोकं फिरतं. लेकीचा फोन मला उचलता यावा, एवढंच मला हवं होतं. पण चाकणला कंपनीत असलेला मुलगा दुकानदाराला कॅमेराच विचारत बसला. “आई, हाच घे, फोटो भारी येतात.” “कुणाचे काढू, भांड्यांचे?” लोकांची भांडी घासून गुळगुळीत झालेलं माझं बोट त्या महागड्या काचेवर चालेचना. “मावशी, हळू सरकवा.” “सरकवतेय की! घरातला फोनही असाच वाजून वाजून बंद होतो.” तेव्हा दुकानदाराने स्वस्तातला फोन काढला आणि कडेचं बटण दाबलं की फोन उचलला जाईल, अशी सोय करून दिली. मुलगा घरापर्यंत फुगून होता. आता लेक आधी मलाच फोन करते. तिचा भारी फोनवाला भाऊ उचलतच नाही.