आमच्या ऑफिसात टॅबलेट येतात

वाळूजच्या आमच्या कंपनीत माल वेळेवर तयार होतो की नाही ते विचारू नका, किस्से मात्र तिन्ही शिफ्टला तयार होतात. सध्या सगळे टॅबलेटचे आहेत.

नवे प्लँटसाहेब आले आणि म्हणाले, "लॅपटॉप इतिहासजमा! महिनाभर टॅबलेट वापरा. जमलं की सगळ्यांचे लॅपटॉप स्टोअरला जमा." स्वतःचा त्यांनी त्याच दिवशी जमा केला. साहेब माणूस भला, उत्साह जरा जास्त.

सगळ्यात घाबरला परचेसचा जाधव. उघडा लॅपटॉप, त्यापुढं चष्मा आणि खुर्चीवर स्वेटर एवढं मांडलं, की जाधव जागेवर आहे असं सगळं ऑफिस मानतं. तेव्हा तो गेटबाहेर चहा पीत असतो.

मला म्हणाला, "भाऊ, ह्यो टॅबलेट टेबलावर आडवा पडतो. आडव्या पडलेल्याची हजेरी कोण लावंल? माझं लई अवघड झालं."

मला त्याची खरोखर दया आली, कारण चहाला मीही असतो.

*

क्वालिटीच्या शेखभाईंच्या हातात तेलकट ग्लोव्हज, त्यामुळे स्क्रीन दाद देईना. सारखे ग्लोव्हज कोण काढणार? भाई नाकानं बटण दाबायला लागले.

एकदा पुण्याहून कस्टमर आले. भाईंना टॅबलेटवर वाकलेलं पाहून त्यांनी विचारलं, "वास कसला घेताय?"

"वास नाय साहेब, तुमचाच माल पास करतोय."

कस्टमरनं तो सगळा लॉट पुन्हा तपासायला लावला.

*

अकाउंट्सच्या पाटील मॅडमनी टॅबलेटला आधी स्टँड मागितला. मिळाला. मग कीबोर्ड, मग माऊस, मग हे सगळं ठेवायला बॅग. सही करता करता साहेब थबकले. "मॅडम, हा तर लॅपटॉपच झाला की!"

"हो सर. सुटा सुटा मागवला की मंजूर होतो."

*

टॅबलेटवर मीटिंग कुठूनही करता येते म्हणून जाधव एकदा फुलंब्रीहून, घराच्या अंगणातूनच हजर झाला. मागं मोठा आवाज चालला होता.

साहेब म्हणाले, "जाधव, म्यूट कर."

"साहेब, म्हस हाय. ती नाय होत म्यूट."

*

महिना संपला. जाधवनं लॅपटॉप पुसला, वायर गुंडाळली आणि लेक सासरी धाडायला निघाल्यासारखा चेहरा करून तो स्टोअरकडं निघाला. आम्हालाही वाईट वाटत होतं.

वाटेत साहेबांनी केबिनमधून हाक मारली. टॅबलेटच्या यशाचा रिपोर्ट हेड ऑफिसला पाठवायचा होता, आणि टॅबलेटवर त्यातला तक्ता काही केल्या जागेवर बसेना.

"जाधव, तो जरा इकडे दे."

साहेबांनी दहाही बोटांनी भराभर टाईप केलं, की यापुढे आम्हाला लॅपटॉपची गरज नाही. जाधव समोर उभाच.

"साहेब, झालं का? स्टोअर बंद व्हायच्या आत जमा करून येतो."

साहेबांनी मान वर केली नाही. "जमा कशाला करतोस? हा रिपोर्ट दर महिन्याला पाठवायचाय."