व्हिटबीच्या व्याह्यांकडचा आग्लियानिको

आता काय सांगू तुम्हाला, इतकी शोभा मी जन्मात करून घेतली नव्हती! आणि तीही कुठे, तर मुलाच्या होणाऱ्या सासुरवाडीत.

२०१७ साल. मला इटालियन रेड वाइनचं खूळ लागलेलं. खूळ म्हणजे किती? कॅनडात मिल्टनच्या घरात बेसमेंटच्या भिंतीवर इटलीचा हा एवढा नकाशा! कुठल्या भागात कुठलं देशी द्राक्ष, सगळं तोंडपाठ. तोस्कानात सांजोव्हेझे, पिएमोंतेत नेब्बिओलो, सिसिलीत नेरो दाव्होला. आमच्या वसईतली केळी विचारली असती ना, तर दोन नावांत गाडी अडली असती.

आणि योग बघा, आमच्या ग्लेनला पोरगी आवडली तीच इटालियन! मरिया. तिचे वडील व्हितो घरी वाइन करणारे, बोलायला मोजके. लग्नाला अजून 'हो' म्हणत नव्हते. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्हाला व्हिटबीला जेवायला बोलावलेलं, माणसं पारखायला.

"डॅड, प्लीज, नो लेक्चर," ग्लेननं गाडीतच बजावलं.

मी? आणि लेक्चर? छे!

आम्हाला टेबलाशी बसवून व्हितो ओव्हनमधली टर्की बघायला आत गेले. समोर एक बाटली. लेबल नाही, नुसतं बूच. माझे हात शिवशिवायला लागले हो! ओतली, फिरवली, हुंगली, आणि घेतला एक मोठा घोट.

आई गं! घशात जाळ! डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"अहो, व्हिनेगर आहे ते," माझी बायको रीटा कुजबुजली. लग्नापासून व्हिनेगर घालून विंदालू करत आलेली बाई ती.

"गप गं! तुला काय कळतंय? आग्लियानिको आहे हा! दक्षिण इटलीतल्या द्राक्षाचा. आंबट असतोच."

तेवढ्यात व्हितो आले. माझा ग्लास बघून जागीच थबकले. "ते..." एवढंच म्हणाले बिचारे.

"बोलूच नका! मी ओळखलं! आग्लियानिको! ज्वालामुखीच्या मातीतला! काय धार आहे, वा! अजून दहा वर्षं ठेवलात ना, तर सोनं होईल!"

ग्लेननं कपाळ धरलं. मला वाटलं, पोरगा भारावला! व्हितो म्हणाले, "खरंच आवडली?"

आता व्याह्याच्या घरच्या वस्तूला कोणी नावं ठेवतं का? मी उरलेला ग्लास घटाघटा संपवला, वर पुन्हा भरून तोही रिचवला. व्हितोंनाही ओतून दिला. त्यांनी भिडेखातर घोट घेतला आणि जो ठसका लागला!

"बघा! टॅनिन! द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा!" मी ओरडलो.

तेवढ्यात त्यांची बायको सॅलड घेऊन आली. तिनं शांतपणे ती बाटली उचलली आणि लेट्यूसवर भळाभळा ओतली.

माझे कान लालबुंद. गेली सोयरीक, मी मनात म्हटलं.

व्हितोंनी डोळे पुसले, माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझं व्हिनेगर दोन ग्लास पिऊन कौतुक करणारा माणूस! अशा घरात माझी पोरगी सुखात राहील. लग्न पक्कं!"

मी आनंदानं उडालोच! तेवढ्यात ते रीटाकडे वळले.

"फक्त लग्नातली वाइन तुम्ही निवडा. यांना ज्यूस द्या."