विहीणबाई आधी सांगतात

रोह्यापासून पेणपर्यंत असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याची नाडी आमच्या विहीणबाईंनी मोजलेली नाही. हे मी फुगवून सांगत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, सगळा जन्म धरमतरच्या बाजूला मिठागरावर गेला. जेवढं मीठ पिकलं तेवढंच सांगायची सवय आहे मला. एसटीच्या कंडक्टरने तिकीट द्यायला हात पुढे केला की बाई तिकीट घेत नसत, मनगट धरत. नागोठण्याला गाडी उभी असताना त्यांनी एका कंडक्टरला भर गाडीत सांगितलं, "मास्तर, जरा जोरात चालली हाय तुमची. बसून घ्या बघू." तो बिचारा घाबरून खरंच बसला आणि गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. पुढे त्यालाच चटक लागली. बाई दिसल्या की तिकिटाआधी मनगट पुढे करायचा आणि विचारायचा, "मावशी, आज कशी हाय?"

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलाची सासू. मुलगा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, तो आणि सून रोह्यात राहतात आणि दोन गल्ल्या सोडून विहीणबाई एकट्या. आमचे व्याही, म्हणजे त्यांचे मालक, आठ-नऊ महिने अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर वर्षभर ही बाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत गप्प बसून असायची. आणि मग एके दिवशी, पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना, तिने आठवीचा दाखला पेटीतून काढला आणि रोह्यातल्या नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात नाव घातलं. सहा महिन्यांचा वर्ग. बाकीच्या सगळ्या पोरी वीस-बावीसच्या. मी मुलाला फोनवर म्हटलं, "तुझ्या सासूला सांग, या वयात दप्तर घेऊन फिरणं शोभत नाय." मुलगा म्हणाला, "तुम्हीच सांगा." मी काही सांगितलं नाही. मी कोणाला घाबरतो म्हणून नव्हे, पण विहीणबाईंना बोलायचं म्हणजे त्या ऐकून घेतात आणि मग लग्नातल्या माझ्या रुसव्याचा विषय काढतात. लग्नात पहिलं पान मला न वाढता दुसऱ्याला वाढलं म्हणून मी मांडवातून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो होतो. माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. पण तेव्हा माझी समजूत घालायला ही बाई भर उन्हात अनवाणी आली होती, आणि ते ती विसरलेली नाही.

वर्गात जे शिकवतील ते संध्याकाळपर्यंत सबंध आळीवर चालवून बघायचं, हा त्यांचा नेम. हात धुण्याचं शिकवलं, तर एका साखरपुड्याच्या पंगतीआधी त्या नळावर उभ्या राहिल्या. तळवे, मग हाताची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे, मग नखं. मागे चाळीस माणसं खोळंबलेली. एक म्हातारी ओरडली, "गो, हात धुतंस का गोधडी?" बाईंनी शांतपणे मनगटापर्यंत सगळं पूर्ण केलं, मग वळून म्हणाल्या, "आता तुम्ही या मावशी, मी दाखवते." त्या दिवशी पहिली पंगत बसायला इतका उशीर झाला की भजी गार झाली. त्यानंतर पाण्याचा हिशोब शिकवला. रुग्ण किती प्याला आणि किती वेळा बाहेर गेला, ते लिहून ठेवायचं. मी आठ दिवस मुलाकडे राहायला गेलो होतो, तर स्वयंपाकघरात कॅलेंडरवर माझ्याच नावाने रकाने पाडलेले! सकाळी दोन पेले, एकदा. दुपारी एक पेला, दोनदा. घरी आलेला पाहुणा तारीख बघायला म्हणून गेला आणि माझी सगळी माहिती वाचून आला. मी ते पान फाडलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या महिन्याच्या पानावर रकाने तयार.

पण या सगळ्यापेक्षा त्यांची एक खोड भारी होती. त्या प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायच्या. वर्गात म्हणे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की रुग्णाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगावं. इतर पोरींनी ते वहीत लिहून घेतलं, बाईंनी अंगात भिनवून घेतलं. सुनेच्या केसांना तेल लावताना, "मी आता तुझ्या टाळूवर तेल घालणार आहे. गार लागेल." शेजारची कोंबडी अंगणातून हाकलताना, "बाय, मी आता तुला उचलून बाहेर ठेवणार हाय, घाबरू नको." कोंबडी घाबरायचीच, पण बाईंचं कर्तव्य झालेलं असायचं. मला चहा देतानासुद्धा, "व्याहीबुवा, मी तुमच्या उजव्या बाजूला कप ठेवते आहे. गरम आहे." मी म्हणायचो, "विहीणबाय, चहा गरम असतो हे मला साठ वर्षं ठाऊक हाय." त्या म्हणायच्या, "ठाऊक असलं तरी सांगायचं असतं." आणि सांगून झालं की समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायच्या. तुम्ही "व्हय" म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा मी हट्टाने गप्प बसलो. चहावर साय धरली, पण बाईंनी कप सोडला नाही.

सहा महिने संपत आले आणि परीक्षेचा दिवस ठरला. लेखीची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती हातच्या कामाची. जिवंत माणूस खाटेवर झोपवायचा आणि बाहेरून आलेल्या मॅडमसमोर त्याचं सगळं करून दाखवायचं. प्रत्येकीने आपला माणूस घरून आणायचा. यात नापास झालं की दाखला नाही, आणि दाखला नाही तर रोह्यातल्या एका दवाखान्यात त्यांना वॉर्डात घेतो म्हणाले होते, तेही नाही. मग पुन्हा ती ओटी आणि वालाच्या शेंगा. माझ्या मुलाची त्या दिवशी पहिली शिफ्ट होती, सुनेला सातवा महिना. उरलो मी.

"लग्नात तुमचा रुसवा मी काढला," विहीणबाई म्हणाल्या, "आता माझी परीक्षा तुम्ही काढा."

मी म्हटलं, "पाय धुवायचे असतील तर धुवा. मुलाच्या बापाचे पाय धुवायचेच असतात. पण कोणी मला धरून इकडचं तिकडं केलेलं मला चालायचं नाय. मला आजवर कोणी उचललेलं नाय."

"म्हणूनच तुमच्यावर शिकायचं. जडातला जड माणूस तुम्हीच."

झालं, सराव म्हणून माझी खाटेवर रवानगी झाली. काम एवढंच, की मी बेशुद्ध पडलेला म्हातारा आणि बाईंनी माझी कूस बदलायची. ऐकायला सोपं वाटतं. पण मला सैल पडताच येईना. त्यांनी खांद्याखाली हात घातला की माझं अंग आपोआप वळायचं.

"व्याहीबुवा, मदत करू नका. तुम्ही बेशुद्ध आहात."

"मी कुठं करतोय?"

"मग हा हात लाकडासारखा का?"

"मिठागरावर फळीने मीठ ओढलेला हात हाय. याच्याहून सैल होत नाय."

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मिठाची गोणी तुम्ही उचलायचात, तेव्हा गोणी मदत करायची का?"

"गोणी कशी करील?"

"मग गोणी व्हा."

"आणि हे दर वेळी सांगणं कशाला? गोणीला कोण सांगतो?"

यावर त्यांनी माझ्या खांद्याखालचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "गोणीला नाय सांगत. तेवढाच फरक." आणि पुन्हा पहिल्यापासून, "आजोबा, मी आता तुमची कूस बदलणार आहे. घाबरू नका." मी "व्हय" म्हटल्याशिवाय हात लावत नव्हत्या. असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी मला बऱ्यापैकी गोणी होता आलं, आणि सांगायला लाज वाटते, त्यात बरंही वाटलं.

परीक्षेला वर्गात सहा खाटा होत्या. बाकी पाचांवर कोणाचा भाऊ, कोणाची आजी, आणि एका खाटेवर मी, नवीन लेंगा घालून. बाहेरच्या मॅडम चष्मा लावलेल्या, हातात घड्याळ. आमची पाळी आली. मी डोळे मिटले. मला सक्त ताकीद होती की काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. बाईंनी हात धुतले, पूर्ण, नखांपर्यंत. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आजोबा, मी आता तुमच्या अंगावरची चादर काढणार आहे." मग थांबल्या. मग उशी. परत सांगितलं, परत थांबल्या. मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मॅडम म्हणाल्या, "काकू, वेळ कमी आहे. तुमचा रुग्ण बेशुद्ध आहे. त्याला सांगून काय ऐकू जाणार?"

मला वाटलं, संपलं. पोरी हसल्या. मग बाईंचा आवाज आला, पण तो नळावर म्हातारीला शिकवणारा आवाज नव्हता.

"मॅडम, माझे मालक आठ महिने पडून होते. बोलता यायचं नाय. सगळे म्हणाले, यांना काय कळत नाय. म्हणून आम्ही कधी सांगितलं नाय. मी आणि माझी पोर, एक खांद्याकडून एक पायाकडून, गोणीसारखं उचलायचो. दर वेळी त्यांचं अंग दचकायचं, डोळे मोठे व्हायचे. मला वाटायचं झटका येतो. इथं पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रुग्णाला आधी सांगा, नाहीतर तो घाबरतो. तेव्हा मला कळलं ते काय होतं." मग म्हणाल्या, "वेळ गेला तर जाऊ दे. मी सांगणार."

मी डोळे मिटून पडलेला होतो. व्याही आजारी असताना मी दोनदा रोह्याला गेलो होतो. दोन्ही वेळा ओटीवर बसून चहा प्यालो आणि उठलो. आतल्या खोलीत कोणी बोलावलं नाही, आणि मला न बोलावता आत जायची सवय नव्हती. हे सगळं नेमकं तेव्हा आठवायचं काही कारण नव्हतं. पण बेशुद्ध माणसाला उठून जाता येत नाही.

मग त्यांचा हात माझ्या खांद्याजवळ येऊन थांबला. "आजोबा, मी आता तुमची कूस बदलणार आहे. घाबरू नका."

"व्हय," मी म्हणालो.

सगळा वर्ग हसत सुटला. मॅडमसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या रुग्णाला शुद्ध आली की हो!" विहीणबाईंनी तेवढ्यात एका झटक्यात मला डाव्या कुशीवर वळवून पाठीला उशी लावून टाकली. इतकं हलकं मला जन्मात कोणी हलवलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही पोरींनी बघितलं. बेशुद्ध माणसाच्याही डोळ्यांतून पाणी येतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं आहे.

विहीणबाई पास झाल्या. नापास झालो तो मी, असं त्या सगळ्या सोयऱ्यांत सांगतात. आता त्या वॉर्डात जातात, पांढरा कोट, खिशात पेन आणि तापमापी. मी पेणला माझ्या घरी असतो. सकाळी आमची मंडळी काही न सांगता माझ्या अंगावरचं पांघरूण ओढते आणि मी दचकतो. पूर्वी दचकत नव्हतो.

परवा व्याह्यांच्या दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला रोह्याला गेलो होतो. या वेळी ओटीवर बसलो नाही, सरळ आत गेलो. बाई भिंतीवरच्या व्याह्यांच्या फोटोचा हार बदलायला स्टुलावर चढल्या होत्या. नवा हार हातात घेऊन त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी आता तुमचा हार बदलणार आहे. घाबरू नका." आणि सवयीप्रमाणे थांबल्या.

माझ्या तोंडातून "व्हय" निघतच होतं. पण ते मला विचारलेलं नव्हतं. मी गप्प राहिलो, आणि त्याही बराच वेळ तशाच थांबल्या.