प्लग लावला की सुरू

त्याला सगळे टेस्टर म्हणत. धंदा वायरमनचा, खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, आणि स्वभावही त्याच जातीचा. मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला, तरी तारेला बोट लावण्याआधी हा टेस्टर टेकवणारच. त्या सवयीने तो आजवर जिवंत राहिला हे कबूल. पण ती त्याने माणसांनाही लावली. दूधवाला हसून बोलला की आज पाणी जास्त घातलंय, ही याची खात्री. बायको म्हणायची, "लग्नाआधी हे आमच्याकडे तीनदा आले. मला वाटलं, मी आवडले. हे आपले वायरिंग बघत होते."

अशा माणसाला एक दिवस थोरल्या बहिणीने बोलावून घेतलं. ताई विधवा, खाली तिचं शिवणाचं दुकान, वर घर. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तिला गाड्यांचा चार्जर हवा होता, आणि तोही असा की कार्ड नाही, मोबाइलवर नाव-गाव नाही. प्लग लावला की सुरू.

"कुणीही येऊन लावेल, ताई."

"लावू दे. गिऱ्हाइकांची सोय होते. तू बसवतोस, की दुसऱ्या कुणाला सांगू?"

दुसऱ्या वायरमनवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने चार्जर बसवला, अर्थिंग पुन्हा पुन्हा तपासलं, कार्ड मागण्याची सेटिंग बंद केली. पण डोक्यात किडा वळवळू लागलाच. उरलेल्या चिंध्यांच्याही पिशव्या शिवणारी ही बाई. हिला हा दानशूरपणा कुठून सुचला? नक्की कुणीतरी कान भरले होते.

मग तो काही ना काही निमित्त काढून दुपारी दुकानात येऊन बसू लागला, आणि चोर सापडला. एक करडी गाडी, रोज. चालवणारा पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक. प्लग लावायचा, गाडीत वाचत बसायचा, आणि मधूनमधून पायरीशी येऊन ताईकडे प्यायला पाणी मागायचा. ते पाणी कुठेतरी मुरतंय, हे टेस्टरने ओळखलं.

रंगेहाथ पकडायचा म्हणून त्याने आतल्या बोर्डात, चार्जरकडे जाणाऱ्या तारेला करंट मोजायचं मीटर लावलं. आकडा शून्य. त्याने आधी मीटरवरच संशय घेतला आणि ते इस्त्रीच्या तारेला लावून पाहिलं; तिथे बरोबर चालत होतं. पुन्हा चार्जर, पुन्हा शून्य. म्हणजे हा गडी रोज भरलेलीच गाडी आणून चार्जिंगला लावत होता.

दुसरा कुणी इथे हसला असता. टेस्टरला घाम फुटला. वीज चोरणारा परवडला, निदान काय चोरतो ते कळतं. हा काहीच घेत नाही, म्हणजे याचा डोळा मोठ्या गोष्टीवर. दुकानावर? घराच्या कागदांवर? ताई एकटी, भोळी. तिचं काही बरंवाईट झालं तर? दुसऱ्या दिवशी ती कापड आणायला गेल्यावर त्याने चार्जर पुन्हा कार्डावर टाकला आणि कार्ड आपल्या खिशात.

दुपारी करडी गाडी आली. त्या माणसाने प्लग लावला. लाल दिवा. काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा लाल.

ताईचं मशीन थांबलं. तिने आधी बाहेर पाहिलं, मग भावाकडे.

"तू केलंस हे?"

"ताई, तो वीज घेतच नाही. मोजलंय मी. त्याच्या मनात काहीतरी आहे."

"आहे," ताई म्हणाली. "माझ्याही आहे."

ताईने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"ड्रॉइंगचे मास्तर आठवतात? माझ्याकडून उशांचे अभ्रे शिवून न्यायचे ते. तू त्यांच्या शाळेत विचारलंस, घरमालकाला विचारलंस, शेजाऱ्यांना विचारलंस. काय सापडलं?"

"काही नाही. पण मग ते यायचे का थांबले?"

"लाजेने थांबले. तुझी माया कळत होती, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. या वेळी म्हटलं, असं काहीतरी दारात असावं, जे येणाऱ्याला 'तू कोण?' म्हणून विचारत नाही. आणि ते बसवायला बोलावलं कुणाला, तर तुला. मीच वेडी."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. बाहेर ते गृहस्थ केबल नीट गुंडाळून हुकाला अडकवत होते. आपल्याला उत्तर मिळालं, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. टेस्टर चपला न घालताच बाहेर पळाला.

"तुम्ही?" गृहस्थांनी विचारलं.

"वायरमन." मग म्हणाला, "तिचा भाऊ."

गृहस्थांचा चेहरा पडला. मास्तरांची हकिकत त्यांच्या कानावर असावी. ते आपणहूनच सांगू लागले, "मी त्या पलीकडच्या गल्लीत राहतो. आधी बँकेत होतो, आता..."

कोणती बँक, नोकरी का सोडली, घरी कोण कोण असतं, सगळं टेस्टरच्या जिभेवर येऊन उभं राहिलं.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "चार्जर बिघडलाय. वेळ लागेल. उन्हात कशाला, आत बसा."

गृहस्थ आत गेले. कार्डाची सेटिंग काढायला दोन मिनिटं पुरतात. टेस्टर चार्जरचं झाकण उघडून, दुकानाकडे पाठ करून, ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिला.