वाणात वाटलेल्या कॅसेटी

आम्ही कानडी मुलखात राहायचो; तिथे राजाजीनगरात आमच्या मागच्या गल्लीत जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान होतं. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेटी तिथे मिळत, साबणाच्या वडीएवढ्या. आपली खेळून झालेली द्यायची, वर थोडे पैसे घालायचे, दुसऱ्याची खेळून झालेली आणायची. दुकानदार अण्णांनी कॅसेट तपासायला एक लहानसा टीव्ही ठेवला होता.

मुलाची कॅसेट बदलायच्या निमित्ताने मी जायची आणि तपासत बसायची. दुपारभर. घरचा टीव्ही त्या वेळी सासूबाईंच्या ताब्यात असे. चाळिशीची बाई पदर खोचून इवलंसं विमान पुलांखालून काढतेय, हे ध्यान बघायला शेजारचा शिंपी मशीन थांबवून येई. शेवटचा पूल मात्र काही केल्या जमत नव्हता.

अशात पौषात अण्णा म्हणाले की गिऱ्हाईक उरलं नाही, दुकान बंद करतो. मग माझ्या पुलाचं काय?

तेव्हा माझी अक्कल ऐन भरात होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या जणी प्लास्टिकचे डबे लुटतात, आपण कॅसेटी लुटायच्या. कॅसेट हातात आली की बायका ती बदलायला जाणार, गेल्या की खेळणार, खेळल्या की सुटणार नाहीत. अण्णांकडच्या न खपलेल्या टोपलीभर कॅसेटी मी उचलल्या आणि एकेकीला हळदीकुंकू लावून हातात ठेवल्या. वाण नाही म्हणता येत नाही. शेजारच्या कानडी बाईंनी ती भक्तिभावाने कपाळाला लावली. एकीने हळूच विचारलं, "ही भिजत घालायची का?" खेळायचं यंत्र त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी नाही, हे शेवटची बाई गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

पण बायका दुकानात गेल्या! बदलून मिळतं एवढं त्यांनी पक्कं ऐकलं होतं. बोहारणीशी घासाघीस करण्यात हयात गेलेल्या बायका त्या. कॅसेट पुढे करून म्हणाल्या, याच्यावर काय देता? अण्णा कॅसेटी दाखवू लागले, तर यांना हवी वाटी. सवाष्णीचं वाण रिकाम्या हाताने परत घेऊ नये म्हणून अण्णांनी मेहुण्याच्या दुकानातून स्टीलच्या वाट्या आणल्या. मग बायका जुन्या जरीच्या साड्या घेऊन आल्या. त्यांच्या नणंदा आल्या. वाट्यांमागून पातेली आली, पराती आल्या. कॅसेटी माळ्यावर गेल्या.

एका दुपारी गेले तर टीव्हीच्या जागी इडलीपात्र.

"अण्णा, टीव्ही?"

"विकला, अक्का. स्वल्प जागा हवी होती." मग माणूस गहिवरला. "तुमच्यामुळे दुकान वाचलं."

सरी, बरं झालं, म्हटलं. त्यांनी मला एक मोठा डबा फुकट दिला, नाव कोरायचं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, काय नाव घालू? माझं डोकं इतकं फिरलेलं की मी मोठ्या जाऊबाईंचं नाव सांगितलं.

डबा अजून आहे. त्या यायच्या म्हटलं की पलंगाखाली सारावा लागतो.