पत्र्याखालचा सरदार

“पाऊस पडून महिना झाला डॉक्टर. गारवा आला. मग सरदारचं सिमेन अजून खराब कसं?” साहेबांनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

सरदार हा लातूरजवळच्या आमच्या केंद्रावरचा मराठवाडी रेडा. रेड्यांचं वीर्य गोठवून बारीक कांड्यांत भरायचं आणि म्हशी गाभण करायला दवाखान्यांत पाठवायचं, हे आमचं काम. मायक्रोस्कोपखाली शुक्राणू सरळ, जोरात पळायला हवेत. सरदारचे जागच्या जागी वळवळत होते.

“हा उन्हाळ्याचा माल आहे साहेब,” मी म्हणालो. “शुक्राणू तयार व्हायला दोनेक महिने लागतात. मे महिन्यात जे भाजलं, ते आत्ता बाहेर येतंय.”

रेड्याचं कातडं काळं, घाम नावापुरता. अंडकोष अंगापेक्षा थंड राहिले तरच शुक्राणू नीट बनतात. ही जात पाण्यात बसते ती चैन म्हणून नव्हे. आणि आम्ही काय केलं? भूकंपानंतर गोठ्याचं जड मातीचं माळवद उतरवलं, पत्रे ठोकले. दगडामातीखाली माणसं गेली होती, ती भीती मला मान्य आहे. पण पत्र्यांवर ऊन अडवायला तुराट्या तरी टाका, म्हणून मी तीन अर्ज दिले. उत्तर नाही. मग शेजारी कोचिंगवाल्यांचं होस्टेल उभं राहिलं. डासांमुळे पोरांचा अभ्यास होईना, म्हणून रेड्यांचं डबकं मुरूम टाकून बुजवलं. ज्या गावात घरोघरी डॉक्टर घडवायचे चालले होते, तिथं एवढं साधं शरीरशास्त्र कुणालाही ऐकायचं नव्हतं.

मी पत्रक काढलं. ‘रेडा नापास नाही, गोठा नापास आहे!’ नोटीस बोर्डावर चिकटवलं. साहेबांनी ते स्वतः फाडलं.

“तुमच्यामागं मोर्चात रेडे येणार न्हाईत डॉक्टर. सलग तीन रिपोर्ट खराब, की रेडा लिलावात. नियम हाय. सही करा.”

“फक्त दोन महिने थांबा.”

“बाकीच्यांचे दोनच खराब हायत. ह्याचे तीन.”

सरदारची जागा पश्चिमेला, ऊन सगळ्यात जास्त त्याच्यावर. हे कुठं लिहायचं? मी सही केली. आकडे खरे होते ना!

लिलावाच्या दिवशी त्याला सांभाळणारे किशनमामा कासरा सोडेनात. “उन्हाळाभर बादलीनं पाणी मारत राहिलो मी. बादलीनं रेडा निवतो व्हय, डॉक्टरसाहेब?”



दिवाळीच्या सुमारास उरलेल्या सगळ्या रेड्यांचे नमुने चांगले आले. साहेबांपुढे ते ठेवले, सरदारला परत घ्यायची परवानगी भांडून मिळवली आणि एसटीनं निलंग्याकडचं ते गाव गाठलं. घेणारा शेतकरी भला माणूस. आधी चहा पाजला.

“तुम्ही नापास केला व्हय ह्याला?” तो हसला. “लई दांडगा हो! गावातली एक म्हैस सोडंना. रोज भांडणं. मागल्या बुधवारी खच्ची करून आणला.”

“कुठं?”

“तालुक्याच्या दवाखान्यात. तुमच्यासारख्याच डॉक्टरनं केला.”

तेव्हापासून खराब रिपोर्टवर सही करताना, दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात काय हाल होते तेही मी खाली लिहितो. नवे साहेब त्यावर लाल पेनानं रेघ मारतात. फॉर्ममध्ये तो कॉलम नाही म्हणे.